समोरच्या दातांतील जुने फिलिंग बदलताना

समोरच्या दातात पूर्वी भरलेले कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) पिवळट दिसू लागले किंवा त्याच्या कडेने तपकिरी रेघ उमटली, की ते काढून नवे भरण्याची घाई होते. पण ते मुळात काढायलाच हवे का, हे आधी ठरवावे. इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, पुन्हा तयार होत नाही, आणि फिलिंगचा रंग दाताशी इतका मिळताजुळता असतो की ते कोरताना भोवतालचा निरोगी दातही थोडा जातो. डाग वरवरचा असेल तर पॉलिश पुरते. टवका उडाला असेल तर जुना पृष्ठभाग खरबरीत करून तेवढ्याच जागी नवा थर चढवता येतो. कडेचा प्रत्येक डाग म्हणजे कीड नव्हे. खालचा दात मऊ झाला असेल, फिलिंग सैल झाले असेल किंवा एक्स-रेमध्ये कीड दिसत असेल, तर मात्र ते काढावे.

दात उजळून घ्यायचे असल्यास ते आधी उरकावे, कारण ब्लीचने कॉम्पोझिटचा रंग बदलत नाही. त्यानंतर साधारण २ आठवडे थांबावे लागते. दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कमकुवत करतो.

रंगाची निवड बैठकीच्या सुरुवातीलाच, दात ओला असताना करावी. थोडा वेळ कोरडा राहिलेला दात पांढुरका दिसतो, आणि तो रंग धरून भरलेले फिलिंग दुसऱ्या दिवशी उठून दिसते. चिकटद्रव न लावता कॉम्पोझिटचा एक ठिपका दातावर ठेवून, प्रकाशाने कडक करून पाहिला, तर अंदाज चुकत नाही.

खरे कौशल्य जुने फिलिंग काढण्यात आहे. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पातळ पडदा) लावून, भिंगातून पाहत, डॉक्टर फिलिंगच्या मध्यातून कडेकडे सरकतात. जवळपास सगळे निघाल्यावर ३७ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावून, धुऊन, हवेने वाळवले, की इनॅमल खडूसारखे निस्तेज पांढरे होते. जिथे जुने कॉम्पोझिट चिकटून राहिले असेल, तो ठिपका तसा होत नाही आणि लगेच ओळखू येतो. अतिनील टॉर्चखालीही अनेक कॉम्पोझिट दातापेक्षा वेगळी चमकतात. या दोन साध्या युक्त्यांनी बरेच इनॅमल वाचते, म्हणून त्या वापरता का, असे डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने विचारावे.

नवे फिलिंग साधारण २ मिलिमीटरपर्यंतच्या थरांत भरून, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. खड्डा आरपार असेल तर मागे अपारदर्शक थर हवा, नाहीतर तोंडातील अंधार झिरपून दात करडा दिसतो. रंगाचा अंतिम निवाडा मात्र दात पुन्हा ओलावल्यावर, एक-दोन दिवसांनीच करावा.

खुर्चीतून उठण्यापूर्वी खालचा जबडा पुढे सरकवून चावा तपासून घ्यावा आणि दोन दातांमधून फ्लॉस फिरवावा. दोरा अडकला किंवा त्याचे तंतू सुटले, तर कड नीट बसलेली नाही असे समजून ती तिथल्या तिथे गुळगुळीत करून घ्यावी.