कोलंबसला (ओहायोवाल्या नाही, इंडियानावाल्या) नवीन आलात? आधी काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) फिरा

पुण्याहून कमिन्समध्ये (इंजिनं बनवणारी कंपनी) इकडे येणारा प्रत्येकजण सुरुवातीला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), लायसन्स, गाडी आणि इंडियन ग्रोसरीच्या मागे असतो, ते बरोबरच आहे, पण नंतर दर वीकेंडला उठून शिकागो गाठायचं आणि वर म्हणायचं की इथे बघण्यासारखं आहेच काय, हे काही पटत नाही बुवा.

आर्किटेक्ट सारिनेनचं १९४२ चं चर्च, आर्किटेक्ट पेईची १९६९ ची लायब्ररी वगैरे बिल्डिंगा ऑफिसमधलं कुणीतरी दाखवेलच. मी कोलंबस जिच्यात येतं त्या बार्थोलोम्यू काउंटीबद्दल बोलतोय. १८७४ च्या कोर्टहाउसशेजारी ४० फूट उंचीचे २५ दगडी खांब दिसतील, ते युद्धात गेलेल्या इथल्या जवानांचं स्मारक. गाडीतून बघून पुढे जाऊ नका, खांबांच्या मधे शिरा. पोरांनी घरी लिहिलेली पत्रं दगडात कोरलीत, दोन वाचली तरी पुरे होतं.

मग एखाद्या शनिवारी स्टेट रोड ४६ ने पूर्वेला आणि मग स्टेट रोड ९ ने उत्तरेला होप गावी जा. १८३० मध्ये मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव. तिथे यलो ट्रेल म्युझियम आहे, नावाची गंमत अशी की मोटारी नवीन होत्या तेव्हा एका गॅरेजवाल्याने गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून रस्त्याकडेच्या खांबांना पिवळा रंग फासला होता. मार्केटिंग म्हणतात ते हेच!

रस्त्यात गडद निळ्यावर सोनेरी अक्षरांची इतिहास सांगणारी पाटी दिसली की ती राज्य सरकारची, बऱ्याचदा मागच्या बाजूलाही मजकूर असतो. इंडियाना हिस्टॉरिकल ब्युरोच्या साइटवर या पाट्यांची काउंटीप्रमाणे यादी आहे, ती बघूनच निघा. काउंटी रोडवर हॅझर्ड लावून मधेच थांबू नका, मागून पिकअप सुसाट येतात, आणि शेतात पाय टाकायचा नाही, ती कुणाचीतरी प्रायव्हेट जागा असते.

शेजारच्या जेनिंग्ज काउंटीतलं व्हर्नन तर चुकवूच नका. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या जनरल मॉर्गनचं घोडदळ इथे येऊन धडकलं, शरण या म्हणाले, गावाने साफ नकार दिला. घोडदळाची धाड म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको, शेतकऱ्यांचे घोडे पळवत गेले, आणि पुढे ड्यूपाँट गावात तर मीट पॅकिंग हाउसमधली हॅम उचलून खोगिराला टांगली म्हणे.

ही गावातली म्युझियमं छोटी असतात, व्हॉलंटियर चालवतात, त्यामुळे वेळ आधी बघून जा आणि गप्पांसाठी तासभर जास्तीचा ठेवा, "कमिन्सला का?" हा पहिला प्रश्न ठरलेला.