ऐनवेळी दुसऱ्याच्या वर्गावर जाताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळांत वर्षभर कुठे ना कुठे एक वर्ग शिक्षकाविना बसलेला असतो. कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर, कुणी सर डेप्युटेशनवर, कुणाची बदली होऊन त्या जागी कुणी आलेलंच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते आणि दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. असा खोळंबा झाला की एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) अध्यक्ष नाहीतर मुख्याध्यापक गावातल्या डी.एड., बी.एड. झालेल्या पोरापोरींना फोन करतात, ‘उद्यापासून या.’ येणारी बहुतेक मुलं मनापासून काम करणारी असतात. तरी दर वर्षी त्याच चुका होतात, आणि त्या निस्तरायला मागून येणाऱ्याचा महिना जातो.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. वर्ग कुठपर्यंत आलाय हे न बघता नवा माणूस शिकवायला लागतो. पहिल्याच तासाला आपली छाप पडावी असं त्याला वाटतं. पण महिन्या-दोन महिन्यांसाठी आलेल्या शिक्षकाचं काम आधीच्या शिक्षकाने जिथे सोडलं तिथून वर्ग पुढे नेणं, एवढंच असतं. ते नीट जमलं तरी पुष्कळ झालं.

नली-कलीच्या वर्गात मुलांना रांगेत बसवणे

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या चुकीचा, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत गोल करून बसलेली, भिंतीला खालपर्यंत लिहायचे फळे, वर दोरीला लटकवलेली मुलांची चित्रं, जमिनीवर कार्डं पसरलेली. बाहेरून येणाऱ्याला हा नुसता पसारा वाटतो. नली-कली, म्हणजे ‘आनंदाने शिका’, ही पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या छोट्या शाळांतलं काम पाहून आलेल्या शिक्षकांनी ती उभी केली आणि पुढे ती राज्यभर पोचली. प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर असतं. एका गटाला शिक्षक पूर्ण वेळ लागतो, एकाला थोडा, एक गट सोबतीच्या मुलांकडून शिकतो, एक स्वतःचं स्वतः करतो. कोण कुठल्या पायरीवर आहे हे भिंतीवरच्या प्रगती तक्त्यात असतं. तो तक्ता म्हणजेच त्या वर्गाचं पाठ टाचण.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका शाळेत बाई रजेवर गेल्या आणि एक तरुण शिक्षक आला. नीटनेटका, वेळेवर येणारा, आवाज चढवत नसे. पहिल्या दिवशी त्याने सगळी कार्डं गोळा केली, नंबरवार लावून गठ्ठे बांधले आणि कपाटात ठेवली. पहिली, दुसरी, तिसरी अशा तीन रांगा केल्या, फळ्यावर बाराखडी लिहिली आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगितली. वर्ग एकदम शांत झाला. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनी कौतुक केलं, मुख्याध्यापकही खूश झाले.

पंधरवड्यानंतर मला तिथे पाठवलं. तिसरीतली एक मुलगी गोष्टीची पुस्तकं वाचणारी, ती रोज ‘का की कु’ लिहून कंटाळली होती. तिने शाळेत बोलणंच सोडलं होतं. गवळी-धनगर वाड्यावरून येणाऱ्या एका पोराची वही मात्र मोत्यासारख्या अक्षरांनी भरलेली. मी त्याला ‘म’वर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? त्याला सांगता येईना. तो अक्षरं चित्रासारखी काढत होता, वाचत एकही नव्हता. बाई असताना त्याला सात-आठ अक्षरं पक्की येत होती, हे तक्त्यावर दिसत होतं. त्यानंतरचा तक्ता कोरा. मग एकेका मुलाला जवळ घेऊन, कार्डं पुढे ठेवून, त्याची पायरी नव्याने शोधावी लागली. त्यातच आठवडा गेला. पंधरा दिवसांची शांतता अशी महागात पडली.

अशा वर्गात गेल्यावर मी पहिला तासभर काहीच शिकवत नाही. खाली बसतो आणि तिसरीच्या मुलांना विचारतो, ‘तुमचं कार्ड कुठलं रे?’ मुलं धावत जाऊन आपलं कार्ड काढून आणतात, शिवाय शेजाऱ्याचंही सांगतात. ‘ओ सर, ती त्याच्या पुढं हाय की!’ मग तक्ता पाहतो, पेन्सिलने खुणा करतो, आणि ज्या गटाला शिक्षकाशिवाय हलता येत नाही त्याच्यात जाऊन बसतो. ही पद्धत आवडत नसेल तर नसो. पण बाई परत येणार आहेत, मुलं त्याच पद्धतीने पुढे जाणार आहेत. मधल्या दिवसांत आपली आवड तिथे चालवायची नाही.

आणि गोंगाटाला घाबरू नका. त्या वयाची मुलं काम करताना बोलतातच.

कोल्हापूरचं गाईड घेऊन दहावीवर जाणे

हायस्कूलवरची ही दुसरी मोठी चूक. आपल्याकडची बरीच नवी शिक्षक मंडळी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडे शिकलेली. त्यांच्या घरात महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं, गाईडं असतात. गणित ते गणितच, मराठी ती मराठीच, असं म्हणून तीच पिशवीत टाकून येतात.

आपल्या मुलांना पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची असतात. तिकडे दहावीला गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर. इकडे एकच पेपर, ८० गुणांचा, वर २० अंतर्गत. पहिल्या भाषेला इकडे १०० लेखी आणि २५ अंतर्गत. धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणांची धाटणी वेगळी, प्रश्नपत्रिकेचा आराखडा तर पूर्ण वेगळा. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांचं तर विचारूच नका. तिकडचं गाईड वाचून इकडचा समाजविज्ञानाचा पेपर सुटत नाही.

निपाणी भागातल्या एका शाळेत दहावीच्या गणिताला ऐन डिसेंबरात एक जण आला. हुशार होता, हे मी आजही म्हणेन. फळ्यावर हात सुरेख चालायचा. त्याने आपल्या जुन्या पुस्तकातून भूमितीची प्रमेयं घेतली, रचना घेतल्या, तिकडच्या पेपरसारखे प्रश्न देऊन वह्या भरून घेतल्या. मुलं एवढी रमली की कुणी तक्रार केली नाही. एका मुलीने एकदा भीतभीत सांगितलं होतं, ‘सर, आमच्या पुस्तकात हे असं नाही.’ त्यावर त्याने, ‘पुस्तकावर जाऊ नको, समजून घे,’ असं उत्तर दिलं. पूर्वपरीक्षेचा पेपर हातात आला तेव्हा मुलं गोंधळली. पुस्तकातली दोन प्रकरणं कुणी उघडलीच नव्हती. पुढचे दिवस सकाळी आठला जादा तास घेऊन ती प्रकरणं संपवावी लागली, आणि लांबच्या गावची मुलं तर बस नसल्याने त्या तासांना पोचूच शकली नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं झालं.

त्या मुलीचं वाक्य मला अजून टोचतं. मूल स्वतःहून रस्ता दाखवत होतं.

माझी सवय साधी आहे. वर्गात जाताना माझ्या हातात माझं पुस्तक नसतं. पहिल्या बाकावरच्या मुलाचं पुस्तक मागतो, आणि दोन-तीन मुलांच्या वह्या. एक हुशार मुलाची, एक शेवटच्या बाकावरची. वहीतली शेवटची तारीख, शेवटचं उदाहरण बघितलं की वर्ग कुठे थांबलाय ते कळतं. मुख्याध्यापकांकडून गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घेतो. एवढ्याला अर्धा तास पुरतो. आजकालचे नवे शिक्षक मोबाइलवर व्हिडिओ लावून तास भागवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. व्हिडिओ बनवणाऱ्याला या वर्गाची वही माहीत नसते.

मुलांची भाषा सुधारायला निघणे

आपल्या मुलांच्या मराठीत कानडीची लय आहे, ‘की’ आहे, ‘ओ’ आहे. कणकुंबीकडे कोकणी मिसळते, धनगरवाड्यावर आणखी वेगळी बोली. नव्या शिक्षकाने प्रत्येक वाक्याला अडवून पुस्तकी मराठी वदवून घेतली की मुलं गप्प बसतात. लिहिताना शुद्ध लिहून घ्या, त्यासाठी भरपूर मेहनत घ्या. बोलताना मात्र बोलू द्या. महिन्याभरासाठी आलेल्या माणसाशी मूल बोलायला लागणं हीच अवघड गोष्ट आहे, ती आधी साधा.

आणखी काही, थोडक्यात

हजेरी घेतल्याबरोबर पट सांगा. अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक त्या आकड्यावर होतो. तुम्ही उशीर केलात तर स्वयंपाकाच्या आक्कांचा तांदूळ एकतर कमी पडतो नाहीतर वाया जातो. अंडं खाणार नाही म्हणणाऱ्या मुलाला केळं असतं, त्याला सगळ्यांसमोर कारण विचारू नका.

कार्यालयाचं सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, कानडीत येतं. वाचता येत नसेल तर ते बाजूला सरकवू नका, त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि इथे नोकरी करायची असेल तर कानडी वाचायला शिकाच. यावर माझं मत बदलणार नाही.

मारू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. पण कायदा नसता तरी, ज्याचं नाव तुम्हाला कालच कळलं त्या मुलावर हात उचलायचा तुम्हाला काय अधिकार?

जुलैत खानापूरकडे ओढे भरतात. आभाळ भरून आलं की वाड्यांवरच्या मुलांना कुणाबरोबर, कुठल्या वाटेने सोडायचं हे गावातल्या जुन्या शिक्षकांना विचारा. ‘तास पूर्ण होऊ दे’ म्हणून त्यांना थांबवू नका. आणि भातलावणीच्या दिवसांत मूल आठवडाभर आलं नाही तर त्याचं नाव घेऊन वर्गात बोल लावू नका. ते शेतात चिखलात उभं असतं. आलं की त्याचं राहिलेलं करून घ्या.

१ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिन. तुमचं मत काहीही असो, वर्गात भाषण करू नका. एकाच बाकावर दोन्ही घरांतली मुलं बसलेली असतात.

एफए (आकारिक), एसए (संकलित) मूल्यमापनाचे गुण अंदाजाने भरू नका. आधीच्या शिक्षकाची नोंद सापडत नसेल तर मुख्याध्यापकांना तसं लिहून द्या.

हजर झाल्याचा कागद आणि दर महिन्याच्या हजेरीची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. मानधन उशिरा येतं, तेव्हा तोच कागद कामाला येतो. संकोच करू नका, हे तुमच्या कष्टाचे पैसे आहेत.

काही न सांगता निघून जाणे

मूळ शिक्षक सोमवारी येणार असं शुक्रवारी कळतं आणि शनिवारी सकाळची शाळा करून गेस्ट टीचर निघून जातो. मागे एक ओळही ठेवत नाही. मग परत आलेल्या बाई तोच धडा पुन्हा शिकवतात.

शंभर पानी वही घ्या. रोज शाळा सुटल्यावर चार ओळी लिहा. वर्ग, विषय, पुस्तकाचं पान, कोण आलं नाही, कुणाला काय अडलं. मुलांबद्दल लिहिताना ‘मठ्ठ’, ‘खोडकर’ असलं लिहू नका. ‘हातचा घ्यायला विसरतो’, ‘लांबचं दिसत नाही, पुढे बसवलंय’ असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं. जाताना वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू नका, तिथे ती फायलींखाली जाते. ज्यांचा वर्ग आहे त्यांच्या हातात द्या. त्या दिवशी भेट होत नसेल तर वर्गाच्या कपाटात हजेरीपटाच्या आत ठेवा आणि त्यांना फोन करून सांगा.