'अन', 'डिस', 'मिस', 'डी' लागलेल्या इंग्रजी क्रियापदांचा अर्थ कसा लावावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) पोचली तरी इंग्रजी शब्दाआधी 'अन' दिसला की डोळे मिटून 'नाही' लावतात. विशेषणाला ते चालतं. अनहॅपी म्हणजे आनंदी नसलेला. क्रियापदाला चालत नाही. 'ही अनटाइड द बुल' म्हणजे त्याने बैल बांधला नाही असं नव्हे, बांधलेला बैल सोडला. बांधलाच नसेल तर 'डिड नॉट टाय' म्हणायचं.

आधी उपसर्ग बोटाने झाका आणि उरलेलं क्रियापद वाचा. ते काम उलटं फिरवता येतं का बघा. येत असेल तर 'अन' ती उलटी क्रिया सांगतो, आणि मराठीत तिला बहुधा वेगळं क्रियापद असतं: लोड भरणं, अनलोड उतरवणं (कारखान्यावर उसाची ट्रॉली), फोल्ड घडी घालणं, अनफोल्ड उलगडणं. 'ईट'ला 'अन' लागत नाही, कारण खाल्लेलं परत ताटात येत नाही.

खरी गोम शेवटी 'एड' लागलेल्या किंवा तशा रूपांत आहे. अनपेड, अनसोल्ड यांत उलटी क्रिया नाही. 'अनपे' असं क्रियापदच नाही. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) अनपेड बिल म्हणजे न भरलेलं बिल. पण 'अनपॅक्ड बॅग' दोन्ही होऊ शकते: अजून न भरलेली किंवा भरून रिकामी केलेली. तिथे मागची-पुढची वाक्यं वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

'डिस' दोन्ही कामं करतो. मनाची स्थिती असेल तर 'न': डिसॲग्री सहमत नसणं, डिसलाइक न आवडणं. हाताने करायचं काम असेल तर उलटी क्रिया: बिल थकल्यावर वीज तोडतात ते डिसकनेक्ट.

'मिस'मध्ये नकार नाहीच, चूक आहे. मिसअंडरस्टँड म्हणजे कळलं नाही असं नव्हे. कळलं, पण भलतंच. मिसस्पेलमध्ये एस दोनदा येतो, एक उपसर्गाचा आणि एक स्पेलचा. डिसअपिअर आणि डिसअपॉइंटमध्ये मात्र एस एकच, पी दोन. मार्क इथेच जातात.

'डी' म्हणजे काढून टाकणं किंवा बंद पाडणं: डीफ्रॉस्ट, डीॲक्टिव्हेट. डिसाइड, डिपेंड, डिलिव्हर यांना हा नियम लावू नका.

बोटाने उपसर्ग झाकायची युक्तीही कधी फसते. डिस्प्लेमधला 'डिस' झाकला की 'प्ले' उरतो, डिसमिसमधला झाकला की 'मिस'. दोन्हींचा पूर्ण शब्दाशी अर्थ जुळत नाही. उरलेला शब्द वाक्यात घालून बघा, बसला नाही तर शब्दकोश उघडा. आणि एक शब्द तसाच पाठ करा: लूजन म्हणजे सैल करणं, अनलूजन म्हणजेही सैल करणंच.