गेम बॉयसाठी गेम बनवलाय, फुकट द्यायचा की विकायचा?

गेम बॉय म्हणजे निन्टेन्डोचं जुनं, हातात धरून खेळायचं मशीन. माझं मत आधीच सांगून टाकतो: रॉम फाइल, म्हणजे गेमची डिजिटल फाइल, फुकट द्या, आणि कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये घालायची गेमची डबी, विका. नोकरी सांभाळून, रात्री बसून बनवलेला गेम कोणीतरी खेळावा हीच पहिली गरज असते, आणि अनोळखी माणसाच्या छोट्या गेमसाठी आधी पैसे भरणारे फार थोडे. टोबु टोबु गर्ल बघा, २०१७ चा गेम बॉय गेम, रॉम फुकट, सोर्स कोडसुद्धा खुला, तरी त्याचं कार्ट्रिज विकायला आलंच. बॉक्स, मॅन्युअल आणि खऱ्या मशीनवर चालणारी वस्तू हातात हवी म्हणून लोक आनंदाने पैसे देतात.

पण त्याआधी लायसन्स बघा, आणि हे गेम संपल्यावर नाही, सुरू करतानाच. गेम बॉयचे गेम बनवायचं टूल जीबी स्टुडिओ एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, त्यामुळे त्यात बनवलेला गेम विकायला अडचण नाही. अडचण येते ती इकडून तिकडून घेतलेल्या टाइल्स (चित्रांचे छोटे चौकोनी तुकडे), फॉन्ट आणि आवाजांची. दुसऱ्याचं काम वापरायची परवानगी देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये 'नॉन कमर्शियल' असं असेल तर फुकट गेममध्ये ते चालतं, पण कार्ट्रिज विकायला काढलं की नाही चालत, मग शेवटच्या क्षणी अख्खं म्युझिक बदलत बसा. म्हणून एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, काय, कुठून, कोणत्या लायसन्सवर घेतलं. मित्राने प्रेमाने म्युझिक करून दिलं असेल तर विक्रीचं आणि त्याच्या वाट्याचं मेलवर लिहून घ्या, मैत्री टिकते.

दुसऱ्याचं पात्र घेऊन केलेला फॅन गेम मात्र विकूच नका. निन्टेन्डोच्या मेट्रॉइड गेमवरचा फॅन गेम एएमटूआर २०१६ मध्ये पूर्ण फुकट आला होता तरी निन्टेन्डोने डाउनलोड काढायला लावले.

इच डॉट आयओ या छोटे गेम विकायच्या साइटवर किमान किंमत शून्य ठेवता येते आणि ज्याला द्यायचे तो वर पैसे देतो, साइटचा वाटा सुरुवातीला १० टक्के असतो, तो तुम्ही बदलू शकता. आपल्याकडे एक लक्षात ठेवा, पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केलेत, बाहेरचे पैसे येतात, पण पुण्यातल्या मित्राला घ्यायचं असेल तर त्याच्याकडून यूपीआयवर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा फुकट दिलेलं परत काढून घेऊ नका. केव्ह स्टोरी २००४ ला फुकट आला, २०१० मध्ये त्याची विकतची आवृत्ती आली, ड्वार्फ फोर्ट्रेसची २०२२ मध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर आली, नव्या ग्राफिक्ससकट, पण दोघांचीही जुनी फुकट आवृत्ती तशीच राहिली. विकायचं असेल तर वर काहीतरी नवीन घाला, जास्तीच्या लेव्हल, नवं म्युझिक, छापील मॅन्युअल. आणि बग सापडला की तो फुकटवाल्या रॉममध्येही दुरुस्त करा, ते लोक तुमचे पहिले खेळाडू आहेत.

कार्ट्रिजसाठी जुने खरे गेम फोडून बोर्ड काढू नका प्लीज, नवीन बोर्ड मिळतात आणि ते जुने गेम परत बनणार नाहीयेत. निन्टेन्डोचा लोगो रॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, ४८ बाइट्सचा असावाच लागतो, नाहीतर मशीन गेम सुरूच करत नाही, पण म्हणून तो बॉक्सवर छापायचा नाही. गेम पूर्ण होण्याआधी प्रीऑर्डरचे पैसे घेऊ नका, परदेशी पाठवायचं तर कुरियर आणि कस्टमचा हिशोब किंमत ठरवण्याआधी करा.

हे सगळं झेपत नसेल तर बाहेरच्या छोट्या पब्लिशरला द्या, पण करारात फक्त कार्ट्रिजचे हक्क, ठराविक मुदतीसाठी, आणि रॉम फुकट वाटायचा हक्क तुमच्याकडेच, हे स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका.