मॉडेल मोठं करण्याआधी वजनाचा हिशोब करा

टेबलावरचं छोटं मॉडेल झकास उभं राहतं, म्हणून तेच दुप्पट करून प्रदर्शनात मांडायचं ठरवत असाल तर जरा थांबा. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की त्याच साहित्यात वजन आठपट होतं. पण आधाराच्या दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ वाढतं चारपटच. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. छोट्या मॉडेलात ताठ राहिलेला दांडा मोठ्यात वाकतो, तो यामुळेच.

म्हणून भरीव काही करूच नका. आत बांबूचा किंवा पीव्हीसी पाइपचा सांगाडा, वरून थर्माकोल. मात्र थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. माझ्या हृदयाच्या मॉडेलची डावी जवनिका, म्हणजे खालचा डावा कप्पा, अशीच डोळ्यांदेखत खचली, तीही आदल्या रात्री! आधी पांढऱ्या गोंदात भिजवलेल्या कागदाचे दोन-तीन थर चढवा, पूर्ण वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारा रंग लावा. ओल्या थरावर रंग दिलात तर पोपडे धरतील.

सांगाडा नटबोल्टने जोडा, खिळ्यांनी नको. सुटा करता आला पाहिजे. सगळ्यात मोठा तुकडा दारातून आणि टेम्पोत मावतो का, हे कापाकापीआधीच टेपने मोजा. हसू नका, इथे भलेभले अडकतात.

मुलं लोंबकळणारच. तळ रुंद ठेवा आणि त्यावर वाळूच्या पिशव्या टाका.