यीस्ट स्टार्टर बिघडतो कोठे: या चुका टाळा

घरी बिअर करू लागलेल्या माणसाच्या पहिल्या काही खेपा बहुधा कोरड्या यीस्टवर निभावतात. खरी अडचण सुरू होते ती द्रवरूप यीस्टचे पाकीट हाती आल्यावर. तुलनेने उबेत आंबणाऱ्या एल प्रकारच्या बिअरसाठी वॉर्टच्या, म्हणजे माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या, न आंबलेल्या गोड पाण्याच्या, दर मिलिलिटरला, प्लेटोच्या (वॉर्टमधील साखर मोजण्याच्या मापाच्या) प्रत्येक अंशामागे, साधारण साडेसात लाख जिवंत पेशी लागतात, असा प्रघात आहे. म्हणजे १.०४८ गुरुत्वाच्या (पाण्याच्या तुलनेतील घनतेच्या), सुमारे १२ अंश प्लेटोच्या वीस लिटर वॉर्टला सुमारे १८० अब्ज पेशी हव्यात, आणि थंडीत आंबणाऱ्या लागर बिअरला त्याच्या दुप्पट. पाकिटात ताजेपणी शंभर अब्जांच्या आसपास असतात आणि साठवणीत त्या दिवसागणिक कमी होत जातात. ही तूट भरून काढण्यासाठी स्टार्टर करावा लागतो, म्हणजे थोड्या वॉर्टमध्ये यीस्ट आधीच वाढवून घ्यावे लागते. काम एवढे साधे असूनही त्यात त्याच त्या चुका होताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे धडधाकट स्टार्टर मेला असे समजून तो मोरीत ओतणे. नवखा माणूस संध्याकाळी यीस्ट घालतो, झोपायला जातो, सकाळी फ्लास्कमध्ये फेस दिसत नाही म्हणून हबकतो आणि दुसरे पाकीट त्यातच रिकामे करतो. एक लिटरच्या स्टार्टरचे किण्वन (आंबण्याची क्रिया) पुष्कळदा रात्रीतच उरकते. फेस वर येतो आणि उजाडण्यापूर्वी बसतोही. चुंबकी ढवळणीवर (फ्लास्कमधली कांडी खालून चुंबकाने फिरवणाऱ्या यंत्रावर) ठेवलेल्या स्टार्टरमध्ये तर वायू सतत निघून जात असल्याने फेस मुळीच साचत नाही, असेही होते. तेव्हा पाहायचे ते फेसाकडे नव्हे. यीस्ट घालताना पारदर्शक तपकिरी असलेले द्रावण आता गढूळ आणि फिकट झाले आहे का, हे पाहावे. मग ढवळणी बंद करून दोन-तीन तास फ्लास्क हलवू नये. तळाशी साका बसू लागतो. त्यात खाली गडद, फुटकळ कणांचा थर दिसला तर तो उकळताना गोठलेल्या प्रथिनांचा असतो, आणि त्यावरचा फिक्या सायीच्या रंगाचा, गुळगुळीत थर यीस्टचा. माझी सवय अशी की फ्लास्कवर कागदी पट्टी चिकटवून तीवर वेळ, तापमान आणि सुरुवातीचे गुरुत्व लिहून ठेवतो. तरीही शंका राहिली तर निर्जंतुक पिपेटने नमुना काढून हायड्रोमीटरने गुरुत्व मोजतो. १.०३६ वरून आकडा १.०१० च्या जवळ उतरला असेल, तर यीस्टने आपले काम केले आहे, मग डोळ्यांना काही दिसले असो वा नसो. जे दर तासाला झाकण उघडून आत डोकावतात, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की प्रत्येक वेळी ते बाहेरच्या जंतूंना वाट करून देत असतात.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे, ती म्हणजे बिघडलेला स्टार्टर बिअरमध्ये ओतणे, आणि तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. एकदा वॉर्ट उकळून, गार करून, यीस्ट घातल्यावर माझ्या लक्षात आले की ढवळणीची चुंबकी कांडी ओट्यावरच राहिली आहे. कांडी वॉर्टबरोबरच उकळून घ्यायची हा नियम मला पाठ होता, पण त्या रात्री मी ती नळाखाली विसळली आणि फ्लास्कमध्ये टाकली. पुढे बिअर करण्याचा दिवस लांबला. ढवळणी बंद करून मी स्टार्टर फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी खोलीतच दोन दिवस राहू दिला. तिसऱ्या दिवशी पृष्ठभागावर पांढरी, बारीक सुरकुत्यांची साय धरली होती आणि वासाला आंबट झाक होती. इकडे सहा तास खपून केलेले वीस लिटर वॉर्ट गार होऊन तयार होते. माझे यीस्ट संख्येने इतके असेल की बाकीच्या जंतूंना ते पुरून उरेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि स्टार्टर ओतला. दहा दिवसांनी फरमेंटरमध्ये (बिअर आंबवण्याच्या भांड्यात) तशीच साय आली. मी तरीही बाटल्या भरल्या. महिन्याभरात त्या उघडताच फसफसून अर्ध्या रिकाम्या होऊ लागल्या, आणि उरलेली बिअर पातळ व आंबट लागे. सर्व बिअर टाकावी लागली आणि रबरी नळ्याही बदलाव्या लागल्या.

बिअर अशी का बिघडते, याचे कोडे एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोडवले. रानटी यीस्ट मिसळल्याने बिअर नासते हे त्यांनी दाखवले आणि १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तेथे वापरात आणले. आपल्या फ्लास्कमध्ये आपण तेच शुद्ध यीस्ट वाढवत असतो, आणि स्टार्टरमध्ये शिरलेला जंतूही त्याच्याबरोबर वाढत असतो, हे विसरून चालत नाही. स्टार्टरचा वास बिअरइतका चांगला कधीच नसतो. पावासारखा, किंचित हिरव्या सफरचंदासारखा, लागरच्या यीस्टला थोडा गंधकाचा वास आला तर घाबरू नये. मात्र व्हिनेगर, औषध किंवा कुजका वास आला, वर साय धरली किंवा द्रावण तार सुटल्यासारखे चिकट झाले, तर ते ओतू नये. मी प्रत्येक वेळी वरची निवळ बाजूला काढून तिचा एक घोट चाखतो. बेचव असली तर चालते, आंबट असली तर नाही.

बाकीच्या चुकांबद्दल फार लिहावे लागत नाही. साखरेवर स्टार्टर करू नये, कारण त्यावर पोसलेले यीस्ट वॉर्टमधील माल्टोज (माल्टमधली साखर) पचवण्यात मंदावते. एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम सुके माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वॉर्ट सुकवून केलेली पूड) पुरे, आणि दाट केल्याने यीस्ट अधिक जोमाने वाढते ही समजूत चुकीची आहे. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी झडप) लावू नये, निर्जंतुक केलेला फॉइलचा सैल तुकडा झाकावा, म्हणजे हवा आत जाते. हाताला कोमट लागते यावर विसंबून यीस्ट घालू नये. थर्मामीटर पंचवीस अंशांच्या खाली आल्याशिवाय मी पाकीट कापत नाही, कारण चाळिशीच्या पुढे पेशी मरू लागतात. कोरड्या यीस्टला स्टार्टर लागतच नाही.

उतू जाण्याबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. फ्लास्कमध्येच वॉर्ट उकळण्याचा मोह सर्वांना होतो, कारण एक भांडे वाचते. अरुंद गळ्यातून फेस क्षणात वर येतो, शेगडी चिकट होते, हात भाजतो. बोरोसिलिकेट काच उष्णता सोसते, पण शेगडीवरून थेट बर्फात ठेवली तर तीही तडकू शकते, आणि साधी बरणी तर हमखास फुटते. मी रुंद पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे उकळतो, झाकण ठेवून पातेलेच गार पाण्यात बसवतो आणि मग फ्लास्कमध्ये ओततो. फ्लास्क निम्म्याहून थोडा वर, एवढाच भरतो. घाईत असलेल्यांना ही वीस मिनिटे जास्त वाटतात.

घाई शेवटच्या टप्प्यातही नडते. पूर्ण स्टार्टर वॉर्टमध्ये ओतला, तर हवा लागून उतरलेले ते बेचव पाणीही बिअरमध्ये जाते, आणि लागरच्या मोठ्या स्टार्टरमध्ये ही चव लपत नाही. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवून साका घट्ट बसू द्यावा, निवळ ओतून टाकावी आणि थोडी शिल्लक ठेवून तीत साका हलवून घ्यावा. ओतताना फ्लास्कच्या बाहेरून एक चुंबक धरावा, नाहीतर कांडी फरमेंटरच्या तळाशी जाते. साका वॉर्टपेक्षा फार थंड असल्यास त्याला आधी थोडा वेळ बाहेर ठेवावा.

त्या आंबट खेपेनंतर माझ्या फ्रिजमध्ये कोरड्या एल यीस्टचे एक पाकीट कायम पडून असते. स्टार्टरची निवळ चाखून शंका आली की स्टार्टर मोरीत जातो आणि ते पाकीट फरमेंटरमध्ये. घरात पाकीट नसेल, तर निर्जंतुक फरमेंटरमध्ये घट्ट झाकलेले वॉर्ट थंड जागी एक रात्र थांबू शकते, आणि सकाळी चांगले यीस्ट आणून घालता येते.