गठ्ठा कपाटात ठेवू नका

पहिल्या वर्षी मी शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीकडून पीएचक्यूचे, म्हणजे नैराश्याची लक्षणं चाचपणाऱ्या प्रश्नावलीचे, फॉर्म भरून घेतले, गठ्ठा कपाटात ठेवला आणि डिचोलीची बस पकडली. सोमवारी उघडून बघते तर एका मुलीने नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' वर खूण केलेली. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा तो प्रश्न. पोर सुखरूप शाळेत आली होती; त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.

तेव्हापासून मी मंगळवारी, पहिल्या तासाला घेते. एका दिवशी एकच वर्ग. शाळा सुटण्याआधी प्रत्येक कागदाचा नववा प्रश्न वाचून व्हायलाच हवा. तेवढं जमत नसेल तर अर्धाच वर्ग घ्या. तिथे शून्याखेरीज काहीही दिसलं, की त्या मुलाशी त्याच दिवशी बोलायचं आणि पालक आल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नाही. बेरीज उद्या केली तरी चालेल: नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर निवांत बसून बोला. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, हे स्टाफरूममध्ये मला दरवर्षी सांगावं लागतं.

पोर पाठवायची कुठे, हे मात्र फॉर्म वाटण्याआधी ठरवा. बांबोळीच्या आयपीएचबीचं, म्हणजे गोव्यातल्या सरकारी मनोरुग्णालयाचं, नाव काढलं की पालक दचकतात, म्हणून मी आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ त्यांच्यासमोरच लावून देते.

मुलं नशा करतात का हे चाचपायला आम्ही क्राफ्ट नावाची प्रश्नावली वापरतो. १२ ते २१ वयासाठी आहे, सहा प्रश्न. दोन 'हो' आले की पुढची चौकशी. मुलांना 'मद्य' म्हणू नका. हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, ही त्यांच्या लेखी दारूच नसते, काजूच्या दिवसांत घरात असतेच की! बीअर, फेणी, हुर्राक, व्हेप अशी नावं घेऊन सांगा. पहिला प्रश्न आहे नशेत असलेल्या माणसाच्या गाडीत बसण्याचा. तिथे 'हो' आणि बाकी सगळं 'नाही' असेल, तर पोरावर डोळे वटारू नका. बहुतेकदा ते शिगम्याच्या रात्री बाबांच्या स्कूटरवर मागे बसलेलं असतं. त्याला विचारा, 'परत तशी वेळ आली तर कोणाला फोन करशील?' मामा, शेजारची काकी, कोणीतरी निघतंच. तो नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या.

पालकांची संमती आधी घ्या, मुलालाही 'नको' म्हणू द्या. 'हे कोणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागेल, हे फॉर्म हातात देण्यापूर्वीच बोला. कागदावर नाव नको, क्रमांक घाला. नावांची यादी वेगळ्या कुलपात. वर्गशिक्षक यादी मागतातच. माझ्याकडेही मागितली होती, चहा पाजून. चहा प्यायले, यादी दिली नाही.